मोहिमेवरच्या सेनापतीची पत्रं छापताना: आधी कागदाची पाठ बघा

मोहिमेवर गेलेल्या सरदारानं पुण्याच्या दरबाराला लिहिलेली पत्रं छापायचं डोक्यात घेतलेली माणसं अधूनमधून भेटत असतात. कुणाच्या आजोळी माळ्यावर पेटारा निघालेला असतो, कुणी नुकताच मोडीचा वर्ग पुरा केलेला असतो. मीही त्यातलाच. १७९० ते १७९२ ची टिपूवरची मोहीम घेतली. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्याकडून नाना फडणिसांकडे गेलेली पत्रं हा विषय. सहा महिन्यांत पुस्तक हातात येईल असं घरी सांगून बसलो होतो. चार वर्षं लागली. त्यातलं निदान दीड वर्ष ज्या चुका निस्तरण्यात गेलं, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय.

१. हद्द आधी आखून घ्या

कोणाची पत्रं, कोणाला लिहिलेली, कधीपासून कधीपर्यंत, हे एका ओळीत लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. ही ओळ नसली की प्रत्येक चांगलं पत्र आत घ्यावंसं वाटतं आणि पुस्तक कधी संपत नाही.

‘सरकारी पत्र’ म्हणजे काय, हेही याच वेळी ठरवा. पेशवाईत ही रेघ स्वच्छ नाही. नाना हे कारभारी. त्यांना लिहिलेलं पत्र म्हणजे सरकारालाच लिहिलेलं. पण त्याच कागदात फौजेचा मुक्काम, हुंडीची तक्रार आणि घरातल्या लग्नाची चौकशी एका पाठोपाठ येते. इंग्रजांकडेही फार वेगळं नव्हतं. १८०३ मध्ये अहमदनगर आणि असईच्या लढाया मारणारा आर्थर वेलस्ली ज्या गव्हर्नर जनरलला अहवाल पाठवत होता, तो रिचर्ड वेलस्ली त्याचा सख्खा थोरला भाऊ. माझा नियम साधा होता: ज्या पत्रावर दरबारानं काही करावं अशी अपेक्षा आहे, ते सरकारी. मग त्यात लग्नाची चौकशी असली तरी ती कापायची नाही.

२. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी शोधू नका

हे ऐकायला इतकं सोपं आहे की कुणी सांगत नाही, आणि मी तीन महिने घालवले. पत्र पाठवलं की ते ज्याला पाठवलं त्याच्याकडे राहतं. म्हणजे सेनापतीची पत्रं पुण्याच्या पेशवे दप्तरात किंवा नानांच्या मेणवलीच्या दप्तरातून पुढे जिथे जिथे पांगली तिथे. सेनापतीच्या वंशजांकडे मिळतात ती त्याला आलेली उत्तरं. घरच्या पेटाऱ्यात पाठवलेल्या पत्राचा मसुदा किंवा नक्कल क्वचित सापडते. ती सापडली तर सोनं, पण तिच्यावर ‘मसुदा’ अशी खूण केल्याशिवाय ती पुस्तकात घेऊ नका. मसुद्यात लिहिलेलं सगळं रवाना झालं असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, आधी काय छापलं गेलंय ते बघा. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत बसून पटवर्धनांचं दप्तर छापायला घेतलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. माझ्या यादीतली बरीचशी पत्रं खऱ्यांनी आधीच छापलेली निघाली. त्या दिवशी मी घरी येऊन काही न बोलता जेवलो. पण नंतर लक्षात आलं की छापील पत्राचा मूळ कागद पुन्हा बघितला तर त्यातूनही नवं हाती लागतं. का, ते सहाव्या पायरीला सांगतो.

३. सामान आणि कागदपत्रं

अभिलेखागारात जायला साधारणपणे एवढं लागतं:

- ओळखपत्र आणि त्याच्या दोन-तीन छायाप्रती
- विषय, कालखंड आणि हेतू लिहिलेला अर्ज
- एखाद्या प्राध्यापकाचं किंवा इतिहास मंडळाचं शिफारसपत्र
- पेन्सिल. बऱ्याच ठिकाणी कागदाजवळ शाईचं पेन चालत नाही
- भिंग, मोजपट्टी आणि धूळ सहन होत नसेल तर मास्क

नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. पाहण्याची परवानगी, छायाचित्र घेण्याची परवानगी आणि छापण्याची परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी मागायची राहून गेली की पुस्तक प्रेसमध्ये अडकतं.

खाजगी घरात जाताना मात्र एकच कागद न्या: मालकानं सही करायचं संमतीपत्र. त्यात छायाचित्रं कोण ठेवणार आणि पुस्तकात घराण्याचं नाव कसं येणार, हे स्पष्ट असू द्या. चहा होईपर्यंत सगळे ‘अहो, न्या की’ म्हणतात. पुस्तक आल्यावर धाकट्या भावाचा फोन येतो.

आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू देऊ नका. फाटक्या कागदाला सेलोटेपही नको. एका घरात मला फार अभिमानानं प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली सोळा पत्रं दाखवली गेली. पाठीमागचा मजकूर दिसू नये म्हणून मागे जाड पुठ्ठा घातला होता.

४. वाचन: मोडी येते म्हणजे पत्र वाचता येतं असं नाही

मोडीचे वर्ग पुराभिलेख विभाग घेतो, भारत इतिहास संशोधक मंडळ घेतं, आता ऑनलाइनही होतात. तिथं अक्षरं कळतात. पत्र कळायला आणखी शंभर पत्रं नजरेखालून जावी लागतात.

आधी रेघ ओढून तिला अक्षरं टांगत गेलेला कारकून शब्द तोडत नाही, विरामचिन्हं देत नाही, अनुस्वार बहुधा गाळतो आणि ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करत नाही. ‘ध चा मा’ ही आनंदीबाईंवरची आख्यायिका खरी असो वा नसो, ती मोडी वाचणाऱ्यांच्या देशातच जन्मू शकते एवढं खरं.

सुरुवातीचा आणि शेवटचा मायना पाठ करून टाका: ‘कृतानेक सा॥ नमस्कार विज्ञापना’, ‘येथील कुशल … पावेतो मुक्काम’, ‘बहुत काय लिहिणे’. ही घोकंपट्टी नाही. मायना पाठ असला की त्याच्यावरून त्या कारकुनाचं वळण कळतं, आणि मधला अवघड मजकूर त्या वळणानं सोडवता येतो.

शेवटचे दोन-चार शब्द निराळ्या, घाईच्या अक्षरात दिसले तर दचकू नका. मजकूर कारकुनाचा आणि शेवट सरदाराच्या स्वतःच्या हातचा, असा रिवाज होता. ती जागा टिपेत नोंदवा. सगळ्या पत्रात सेनापतीचा हात कागदाला लागलाय तो तिथंच.

एक सापळा आकड्यांचा. दोन उभ्या रेघा म्हणजे ‘॥’ हे शब्द संक्षेप केल्याची खूण, आणि आकड्यापुढे आल्या तर त्याच अर्धा. ‘सा॥’ म्हणजे साष्टांग, ‘१२॥’ म्हणजे साडेबारा. आमच्या मजकुराची जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदली करताना प्रेसवाल्याकडून आकड्यापुढच्या सगळ्या रेघा उडाल्या आणि साडेबारा हजारांचे बारा हजार झाले. मुद्रितं तपासताना आकडे दोघांनी मिळून तपासा, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ बघायचं.

पुरवणी विसरू नका. पुष्कळदा मुख्य पत्रात नुसता कुशल-मुक्काम असतो आणि खरी गोष्ट सोबतच्या चिठोऱ्यावर, ‘पुरवणी’ म्हणून असते. वर्षानुवर्षांच्या हाताळणीत पुरवणी एका रुमालात, म्हणजे कागदांच्या कापडी गाठोड्यात, आणि पत्र दुसऱ्यात जाऊन बसतं. कागदाची रुंदी, घड्या आणि अक्षराचं वळण जुळवून त्यांची गाठ घालावी लागते.

५. तारीख: इथं घाई कराल तर बाकी सगळं फुकट

पत्रावर साल सरळ नसतं. ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिन्याची तारीख, आणि साल शुहूर सनाचं, तेही अरबी शब्दांत. ‘इहिदे तिसैन मया व अलफ’ म्हणजे एक, नव्वद, शंभर आणि हजार, मिळून ११९१. शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो. जूनपासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११९१ हे जून १७९० ते जून १७९१.

इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असतं. आता जे मला कुणी सांगितलं नाही ते. साल सूर्याचं आणि महिना चंद्राचा, त्यामुळे दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून एका शुहूर वर्षात चांद्र महिन्याच्या काही तारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या आरंभी आणि एकदा अखेरीस. ११९१ मध्ये ही पाळी रमजानच्या शेवटच्या आठवड्यावर आली होती. ‘छ २५ रमजान, इहिदे तिसैन’ म्हणजे ८ जून १७९०च्या सुमाराचा दिवस, किंवा २८ मे १७९१च्या सुमाराचा. दोन्ही बरोबर. जंत्री, म्हणजे दोन कालगणनांच्या तारखा जुळवणारं कोष्टक, तुम्हाला एकच देते, कारण तुम्ही एकदाच बघता.

मी असाच एक कागद १७९० मध्ये टाकला. मग मोहीम अजून धारवाडलाही पोचलेली नसताना पत्रात ‘पट्टण’ कसं, म्हणून चार दिवस डोकं खाजवत बसलो. पट्टण म्हणजे श्रीरंगपट्टण. परशुरामभाऊ धारवाडच्या किल्ल्याला भिडले तेच सप्टेंबर १७९० मध्ये, आणि किल्ला हाती आला एप्रिल १७९१च्या सुरुवातीला. कागद सरळ सरळ मे १७९१चा होता. तेव्हापासून नियम केला: तारीख आधी नाही काढायची. आधी मुक्काम वाचायचा, मग जंत्री उघडायची. वार किंवा तिथी दिली असेल तर ती पडताळायची. तरीही दोन पर्याय उरले तर दोन्ही छापायचे.

मुसलमानी दिवस सूर्यास्ताला बदलतो, हेही ध्यानात असू द्या. रात्रीच्या छाप्याची तारीख त्यामुळे एकानं पुढे दिसते.

दुसऱ्या देशाचे कागद जोडीला घेणार असाल तर आणखी एक खड्डा. वसईची मोहीम घ्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई शरण आली तो दिवस पोर्तुगीज कागदांत १६ मे आणि इंग्रजी कागदांत ५ मे. दोघंही खरं बोलतात. पोर्तुगीज नवी कालगणना पाळत होते, इंग्रजांनी ती सप्टेंबर १७५२ मध्ये घेतली. तोवर अकरा दिवसांचा फरक. हे न कळल्यामुळे अकरा दिवसांच्या वाटाघाटी कल्पून लिहिलेला एक लेख मी वाचला आहे. लेखक ओळखीचे आहेत, म्हणून नाव सांगत नाही.

६. आता कागद उलटा

हीच पायरी मला सगळ्यात आधी सांगायची होती.

पत्र दरबारात पोचलं की कारकून त्याच्या पाठीवर किंवा कडेला बारीक अक्षरात पोचल्याची तारीख टाकायचा. ‘पै॥ छ …’ अशी. पै॥ म्हणजे पैवस्ती. अंगठ्याच्या नखाएवढी जागा, शाई बहुधा फिकट, कधी घडीत गेलेली. छायाचित्र काढणारा पुढची बाजू काढतो आणि पुढच्या कागदाकडे वळतो. मीही पहिल्या खेपेला दोनशेच्या वर छायाचित्रं घेऊन आलो आणि त्यात एकाही कागदाची पाठ नव्हती. पुन्हा अर्ज, पुन्हा परवानगी, पुन्हा तेच रुमाल.

सेनापतीनं काय लिहिलं हे पत्र सांगतं. सरकारला ते कधी कळलं हे फक्त पैवस्ती सांगते. या दोन तारखांमधल्या दिवसांत सरकार जे हुकूम सोडतं ते जुन्या बातमीवर. तिकडे सेनापतीला वाटत असतं की आपली मागणी दरबारात पोचली आणि मुद्दाम पैसे पाठवत नाहीत. दोघांचीही पत्रं स्वतंत्र वाचली तर दोघेही हट्टी वाटतात. दोन्हीकडच्या चार तारखा शेजारी ठेवल्या की पत्र नेणारा जासूद वाटेत आहे एवढंच दिसतं.

याच मोहिमेत मे १७९१ मध्ये मराठ्यांचा दोस्त, इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाजवळ अडकला. बैल मेले, धान्य संपलं, वेढ्याच्या मोठ्या तोफा त्यानं स्वतःच निकामी केल्या आणि २६ मे रोजी माघार सुरू केली. त्याच दिवशी समोर घोडदळ दिसलं. इंग्रजांना वाटलं टिपूचंच. निघाले हरिपंत आणि परशुरामभाऊ, आणि त्यांच्या मागोमाग भरलेला बाजार. इतकी मोठी फौज इतक्या जवळ येऊन पत्ता कसा नाही? कारण मधले जासूद टिपूच्या स्वारांनी गाठले होते. पत्रं लिहिलेली होती, पोचली नाहीत. आता कल्पना करा, यातलं एखादं पत्र नकलेवरून तुम्ही छापलंत आणि खाली ‘पैवस्ती नाही’ एवढं लिहिलं नाहीत. वाचणारा म्हणणार, कॉर्नवॉलिसला सगळं ठाऊक होतं की!

म्हणून प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तीन गोष्टी छापा: लेखनाची तारीख, मुक्काम, पैवस्ती. पैवस्ती फाटली असेल तर तसं लिहा, नसेल तर तसं. खरे-सरदेसाई यांनी छापलेल्या पत्रांच्या मुळाकडे परत जायला मी म्हटलं ते यासाठीच.

क्रम लावताना काही जण पैवस्तीनं लावतात. मला ते पटत नाही. लेखनाच्या तारखेनं लावा आणि शेवटी पैवस्तीच्या क्रमानं नुसती यादी द्या. ही यादी करायला एक्सेल पुरतं: पत्राचा क्रमांक, दोन तारखा, मधले दिवस, मुक्काम, रुमाल क्रमांक. माझ्या पुस्तकातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पान तेच आहे.

एकच पत्र दोन वाटांनी धाडलेलं असतं, तेव्हा दोन प्रती मिळतात आणि त्यांत किरकोळ फरक असतो. दुसरी प्रत ‘पुनरुक्ती’ म्हणून फेकू नका. कोणती आधी पोचली ते पाठीवर बघा.

७. उत्तराशिवाय पत्र छापू नका

मोहिमेवरचा सेनापती सरकारला लिहितो ते काहीतरी मिळवण्यासाठी आणि उद्या बोल लागला तर अंगावर येऊ नये म्हणून. नालबंदी (स्वारांची आगाऊ रक्कम) पोचली नाही, शिलेदार रोजमुऱ्यासाठी (पगारासाठी) अडून बसलेत, सावकार दारात आहे. खरंही असतं. पण ती एक बाजू. पानिपताच्या वेळची सदाशिवरावभाऊंची, पेशव्यांचे उत्तरेतले मामलतदार गोविंदपंत बुंदेले यांना गेलेली पैशाच्या आणि रसदेच्या तगाद्याची पत्रं वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या १८९८च्या पहिल्या खंडातून लोकांपुढे आली. नुसती ती वाचून उठलेला माणूस गोविंदपंतांना दोषी ठरवूनच उठतो. अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं, ते त्या तगाद्यात कुठून येणार?

दरबाराची उत्तरं मिळाली तर त्या त्या पत्राखाली पूर्ण छापा. पानं कमी असतील तर सारांश द्या. मिळालीच नाहीत तर तशी ओळ घाला.

८. हात आखडून संपादन करा

शब्द तोडा, विरामचिन्हं द्या, परिच्छेद पाडा. शब्द बदलू नका. ‘जाहाले’चं ‘झाले’ करू नका. संक्षेप उलगडलात तर कंसात उलगडा. फाटलेल्या जागी टिंबं आणि अंदाजे किती अक्षरं गेली ते. तुमचा तर्क टिपेत जाईल, मजकुरात नाही.

नावं तर अजिबात गाळू नका. वेलिंग्टनची म्हणजे त्याच आर्थर वेलस्लीची पत्रं संपादक गरवुडनं १८३४ पासून छापली तेव्हा खुद्द वेलिंग्टन हयात होता, नातेवाईक हयात होते, म्हणून कित्येक नावांच्या जागी नुसत्या रेघा आल्या. तुम्हाला तो धाक नाही. तरीही आमच्याकडे ‘पणजोबांबद्दलचं ते वाक्य तेवढं काढा’ असा निरोप आला. निरोप आणणारे गृहस्थ वयानं मोठे, पुस्तकाला मदत केलेले. मी वाक्य ठेवलं आणि पणजोबांनी दरबाराला दिलेलं उत्तर शेजारी छापलं. पुढच्या दिवाळीला बोलावणं आलं नाही.

सूची करताना एकच माणूस तीन नावांनी येतो. नाना म्हणजे ‘बाळाजी जनार्दन’, हरिपंत म्हणजे ‘हरी बल्लाळ’, परशुरामभाऊ ‘परशराम रामचंद्र’. सूचीत तिन्ही जागी एकमेकांकडे बोट दाखवा. गावांचंही तसंच, जुनं नाव मजकुरात, आजचं नाव आणि तालुका टिपेत. गावाची खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका. नकाशावर जवळ दिसलेल्या नावाला चिकटू नका.

९. हक्क आणि छपाई

दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या पत्राच्या मजकुरावर कोणी हक्क सांगेल ही भीती बहुतेक वेळा फोल असते. प्रश्न असतो तो कागद ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीचा. आधीच्या संपादकाच्या टीपा आणि प्रस्तावना ही मात्र त्याची निर्मिती. भारतात तिचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शंका असली तर मूळ कागदावरून स्वतः वाचा, दुसऱ्याचं वाचन उचलू नका. चुकाही उचलल्या जातात आणि त्यावरूनच पकडले जाता.

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथं प्रती पाठवायच्या असतात. १९५४चा कायदा आहे, आणि छोटे प्रकाशक सर्रास विसरतात.

प्रती किती काढायच्या? मी पाचशे काढल्या. पलंगाखाली अजून आहेत. दोनशे काढा.

त्या दोनशेतही शेवटची चार पानं कोरी ठेवा. पुस्तक बाहेर पडलं की दीड महिन्यात कुणीतरी फोन करतं आणि म्हणतं, तुमच्या सत्तेचाळिसाव्या पत्राचं उत्तर आमच्याकडे आहे. मला आला तो फोन कर्नाटकातल्या एका मराठी घरातून होता. गेलो, पेटारा उघडला, कागद हातात घेतला आणि आधी उलटला.